रंग बदलला म्हणून प्रकाश जोरात धावत नाही

‘फायबरमध्ये सिग्नलची तरंगलांबी आता थेट प्रकाशातच बदलतात, मध्ये विजेची गरजच उरली नाही, म्हणून नेटचा वेग दुप्पट झाला’ असा मेसेज ग्रुपाग्रुपांवर फिरतोय. (फायबर म्हणजे प्रकाशातून सिग्नल नेणारा काचेचा तंतू, आणि तरंगलांबी म्हणजे ढोबळमानाने प्रकाशाचा रंग.) इंजिनिअरिंगची मुलंही तोंडी परीक्षेत हेच सांगायला लागली, तेव्हा एकेक मुद्दा तपासून घेऊ.

मेसेजसोबतच्या चित्रात लाल-निळे झगमगणारे तंतू आहेत. लांब पल्ल्याचा सिग्नल मुख्यतः १५३० ते १५६५ नॅनोमीटरच्या पट्ट्यात असतो. हा अवरक्त प्रकाश, डोळ्यांना दिसत नाही. दिसत नाही म्हणूनच चालू फायबरच्या टोकात कधीही डोकावू नका.

वेग दुप्पट? काचेत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. तरंगलांबी १५४६ ची १५५४ केलीत तरी त्यात नावालाच फरक पडतो.

मग बदलायची कशासाठी? मुंबई-सोलापूर गाडीत ३२ नंबरचा बर्थ पुण्यापर्यंत रिकामा आहे आणि पुढे भरलेला. शेवटपर्यंत तोच बर्थ हवा म्हटलं, तर गाडीत जागा असूनही तिकीट मिळत नाही. पुण्याला बर्थ बदलता आला की काम झालं. तरंगलांबी बदलल्याने जाळ्यातली अशी अडून राहिलेली जागा वापरात येते. गाडी आपल्या वेगानेच धावते.

‘विजेची गरज उरली नाही’ हे सर्वांत चुकीचं. आजच्या चालू जाळ्यांत तरंगलांबी बदलायची तर बहुतेक ठिकाणी फोटोडायोड (प्रकाशाचं विजेत रूपांतर करणारा भाग) सिग्नल वाचतो, चिप चुका दुरुस्त करते आणि दुसऱ्या तरंगलांबीचा लेझर तो नव्याने लिहितो. या वळशात सिग्नल स्वच्छही होतो. गोंधळ बहुधा ॲम्प्लिफायरमुळे, म्हणजे वाटेत क्षीण झालेला सिग्नल वाढवणाऱ्या उपकरणामुळे झालाय. १९८८ च्या टॅट-८ या अटलांटिक केबलमध्ये वाटेत सिग्नल विजेत उतरवून पुन्हा प्रकाशात आणत. १९९६ च्या टॅट-१२/१३ मध्ये सिग्नल प्रकाशातच वाढवणारे अर्बियम ॲम्प्लिफायर आले आणि तो वळसा गेला. पण ॲम्प्लिफायर सिग्नल मोठा करतो, तरंगलांबी तीच ठेवतो. शिवाय त्यालाही वीज लागतेच, ती केबलमधल्या तांब्यातून समुद्रतळापर्यंत पोचवतात.

थेट बदल खोटा मात्र नाही, आणि प्रयोगशाळेत तो बघण्यासारखा असतो. कुठल्या तरंगलांबीला किती प्रकाश आहे ते दाखवणाऱ्या स्पेक्ट्रम ॲनालायझरच्या पडद्यावर १५५० ला पंप लेझरचा, म्हणजे या बदलाला ऊर्जा पुरवणाऱ्या लेझरचा उंच सुळका, १५४६ ला बुटका सिग्नल. दोन्ही एका खास फायबरमधून सोडले की १५५४ च्या आसपास, आरशात प्रतिबिंब उमटावं तसा, तिसरा सुळका उभा राहतो. सिग्नल बंद केला की तोही जातो. यात फेजसुद्धा (लहर कुठल्या टप्प्यावर आहे ते) टिकते, फक्त चिन्ह उलटतं. पण पंप जोरदार लागतो, ध्रुवीकरण (प्रकाशलहरीच्या कंपनाची दिशा) सांभाळावं लागतं, आणि आधीचा गोंगाट तसाच पुढे जाऊन त्यात थोडी भरच पडते. चालू लाइनीत तरंगलांब्यांचं हेच मिश्रण आपोआप झालं तर डोकेदुखी: जपानमध्ये मोठ्या प्रमाणात टाकलेल्या डिस्पर्शन-शिफ्टेड फायबरवर (यात १५५० च्या आसपासच्या तरंगलांब्या जवळपास एकाच वेगाने जातात) १५३० ते १५६५ च्या पट्ट्यात अनेक तरंगलांब्या दाटीने चालवणं त्यामुळेच अवघड झालं.