धावपट्ट्या दोन, पण वापर एकीचाच

सांताक्रूझच्या मुंबई विमानतळाला दोन धावपट्ट्या असताना उलव्याच्या नवी मुंबई विमानतळावर एवढा खर्च कशाला, हा लेखातला सवाल पटला नाही. त्या दोन पट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. चहूबाजूंनी कुर्ला, अंधेरी, विलेपार्ले. नवी समांतर पट्टी काय मिठी नदीवर घालणार? उलव्याच्या आराखड्यात दोन समांतर पट्ट्या आहेत (पहिल्या टप्प्यात एकच, हे मान्य).

उलव्याला पोहोचायचं कसं, हे लेखकाने विचारायला हवं होतं. आम्ही कळव्याचे. पहाटेचं विमान असलं की रात्री लोकल नाही, म्हणजे टॅक्सीच आली. दिवसासुद्धा आईला आणि बॅगांना सांभाळत नेरूळला उतरायचं आणि उलव्याकडे जाणाऱ्या उरणच्या गाडीची वाट बघायची. शिवडीहून न्हावाशेव्याला जाणाऱ्या अटल सेतूचा फायदा दक्षिण मुंबईकरांना, ठाणेकरांना त्याचं काय?