धारवाड डावीकडे, सांगली उजवीकडे

परवा कोल्हापूरहून येत होतो. गाडीत टोमॅटो एफएम लागलं होतं, ९४.३. तवंदी घाट ओलांडला आणि गाणं कडव्याच्या मधेच खरखरीत बुडालं. भाचा म्हणाला, "मामा, रेंज गेली." मी म्हटलं, "रेंज नव्हे बाबा, हद्द आली."

आमच्या बेळगावातल्या वडगावच्या घरात माग चालू असला की शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू येत नसे, पण रेडिओ ऐकू यायचा. कसा, ते आता मलाही सांगता येणार नाही. फळीवर मर्फी. काट्याच्या दोनच जागा आमच्या ओळखीच्या: डावीकडे ७६५ वर धारवाड, उजवीकडे १२५१ वर सांगली. धारवाड १९५० चं, सांगली १९६३ चं. सकाळी धारवाडची वचनं, म्हणजे बसवण्णा वगैरे शरणांची कन्नड पदं, मग अप्पा काटा सरकवून सांगलीचे अभंग आणि नाट्यपदं लावायचे. मागावरचे कलाप्पामामा घरी कन्नड बोलत, पण नाट्यपदाला मान त्यांचीच आधी डुले. धारवाडचं शास्त्रीय गाणं तर आम्ही आपलंच समजत होतो. मल्लिकार्जुन मन्सूर त्या केंद्राचे संगीत सल्लागार होते, आणखी काय पाहिजे? भांडणं व्हायची ती दुपारी, आईला विविधभारती हवी असायची तेव्हा.

हे जमत होतं ते मिडियम वेव्हमुळे. त्या लहरी जमिनीला धरून लांबवर जातात, मधे कुठल्या राज्याची पाटी आहे ते बघत नाहीत. एफएमची लहर सरळ जाते आणि डोंगर आडवा आला की संपते. आवाज स्वच्छ, मान्य. खरखर नाही, पावसात कडकड नाही. पण या स्वच्छ आवाजाच्या बदल्यात आमच्या भागाची दोन्हीकडची खिडकी बंद झाली, असं माझं मत आहे. सीमाप्रश्नावर आपण एवढं बोलतो, यावर कुणी बोलताना ऐकलं नाही.

आता गाण्यांचं. 'पूर्वी रेडिओवर चांगलं लागायचं, आता वाट लागली' असं म्हणणाऱ्यांतला मी नाही. काय वाजवायचं हे पूर्वीही वरूनच ठरे. १९४० मध्ये आकाशवाणीनं पेटीला दार बंद केलं. कारण काय, तर तिच्यातून मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही, आणि श्रुती, म्हणजे सुरांमधले बारीक फरक, लागत नाहीत. ज्या गावात विठ्ठलराव कोरगावकर आणि पुढे रामभाऊ विजापुरे पेटी वाजवत होते, त्या बेळगावानं हे तीस वर्षं ऐकून घेतलं! १९७१ मध्ये बंदी सैल झाली. बंदीच्याच काळात, १९५२ मध्ये, बाळकृष्ण केसकर नभोवाणी मंत्री झाले, त्यांना सिनेमाची गाणी नकोशी. लोक गुपचूप रेडिओ सिलोनकडे वळले, मग १९५७ मध्ये विविधभारती काढावी लागली. म्हणजे ऐकणाऱ्यानं काटा फिरवला तेव्हाच वरच्यांना जाग आली.

आजच्या खासगी एफएमवर कुणी मंत्री नाही, जाहिरात आहे. तीच वीस-पंचवीस गाणी सकाळ-संध्याकाळ. आणि काटा फिरवून जायचं कुठे? शेजारच्या स्टेशनवरही तेच गाणं, फार तर दोन मिनिटं मागे.

म्हणून मला आशा वाटते ती सामुदायिक रेडिओची. बेळगावात केएलई या शिक्षणसंस्थेचं वेणुध्वनी आहे, ९०.४ वर. अशा केंद्रांची ताकद शंभर वॅटची, पोच जेमतेम गावापुरती. नियमानं निम्मा कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागातून व्हायला हवा, आणि शक्यतो स्थानिक भाषेत. बेळगावची स्थानिक भाषा कुठली, हे मात्र कुठल्या नियमात बसवणार? आमच्या आळीत एका वाक्यात मराठी-कन्नड दोन्ही येतात. रोज सकाळी एक तास वचन, त्याला लागून अभंग, मग नुसती पेटी, असं कुणी लावलं तर मी फर्माईशीचं कार्ड टाकायला तयार आहे. पोस्टाचं, जुन्या पद्धतीचं.

जाता जाता एक काम. वडगाव-खासबागेत जुने रेडिओ दुरुस्त करणारं कुणी उरलंय का? आमच्या मर्फीच्या काट्याची दोरी तुटलीय, काटा ७६५ वर अडकून बसलाय, आणि अप्पांना सांगली पाहिजे.