चालू कूलरमध्ये पाणी भरायला सांगणारा मेसेज

"हात ओला असो की कोरडा, वोल्ट 230च. पायात रबरी चप्पल घाला, घरात एमसीबी आहेच, चालू कूलरमध्ये बिनधास्त पाणी भरा. झटका बसलाच तर माणसाला मातीत पुरा, माती करंट ओढते." उन्हाळा लागला की हा मेसेज गावोगाव फिरतो. यंदा आमच्या काकूंनी तो खरा मानला, म्हणून हे लिहिणं भाग आहे.

वोल्ट तेवढेच, कबूल. पण जीव घेतो तो अंगातून जाणारा करंट, आणि तो कातडीच्या रोधावर, म्हणजे वीज अडवण्याच्या ताकदीवर ठरतो. अमेरिकेच्या नायोश या कामगार-सुरक्षा संस्थेच्या 1998च्या प्रकाशनात आकडे आहेत: कोरड्या अंगाचा रोध 1 लाख ओहमपर्यंत असू शकतो, ओल्या किंवा फाटलेल्या कातडीचा 1 हजारापर्यंत घसरतो. 230ला भागून बघा. कोरड्यात 2.3 मिलिअँपिअर, म्हणजे झिणझिण्या. ओल्यात 230 मिलिअँपिअर. दहाच्या आसपासच मूठ आवळते आणि धरलेला पत्रा सुटत नाही. मे महिन्यात अकोला-चंद्रपुरात कोरडा हात असतो तरी कुणाचा? "शुद्ध पाण्यातून वीज जात नाही" असंही लोक सांगतात. डिस्टिल्ड पाण्यापुरतं ते बरंचसं खरं. कूलरमध्ये बोअरचं पाणी पडतं, पूर्णा नदीकाठच्या खारपाणपट्ट्यात तर खारंच. पाणी उडून जातं, क्षार टाकीत साचत जातात, आणि अशा पाण्यातून वीज सहज जाते.

चप्पल? एक हात वीज उतरलेल्या कूलरच्या पत्र्यावर, दुसरा लोखंडी नळावर, की करंट थेट छातीतून जातो. चप्पल त्या वाटेत येतच नाही. आणि एमसीबी म्हणजे जादा करंट आला की वीज तोडणारं बटण; 16 अँपिअरचा एमसीबी 0.23 अँपिअरला (म्हणजे त्याच 230 मिलिअँपिअरला) हलत नाही. माणसासाठी 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की वीज तोडणारं बटण लागतं.

मातीत पुरणं मात्र निव्वळ जीवघेणं. तार सुटली की अंगात करंट उरतच नाही, माती ओढणार काय? बंद पडलेल्या हृदयाला त्याच मिनिटाला छातीवर दाब हवा, आणि तुम्ही खड्डा खणताय! आधी मेन स्विच पाडा. तो लांब असेल तर कोरड्या लाकडानं तार दूर करा. श्वास नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला 100 ते 120 वेळा, 5 ते 6 सेंटिमीटर खोल दाबा. दुसऱ्याला 108 लावायला सांगा.

पाणी भरताना पिनच उपसा, नुसतं बटण पुरत नाही. चुकीच्या वायरिंगमध्ये बटण फेजऐवजी (वीज आणणाऱ्या तारेऐवजी) न्यूट्रलवर (परतीच्या तारेवर) बसवलेलं असतं. ते बंद करूनही पंपापर्यंत फेज पोचलेलीच राहते. पिन तीन पायांची हवी आणि अर्थिंगची तार पत्र्याला खरंच जोडलेली आहे का, ते वायरमनकडून तपासून घ्या.