‘रुंद कयाक उलटत नाही’ : सर्वत्र फिरणाऱ्या एका सल्ल्याचा प्रतिवाद

कयाकवरून, म्हणजे वल्ह्याने चालवायच्या छोट्या नौकेवरून, गळाने मासेमारी करणाऱ्यांमध्ये सध्या एक सल्ला मोठ्या उत्साहाने पुढे पाठवला जातो आहे. त्याचा आशय असा : आजच्या रुंद कयाक उलटत नाहीत; मोठा मासा लागला की ड्रॅग (किती ओढ लागल्यावर दोर सुटू द्यायचा ते ठरवणारा रिळावरचा ब्रेक) घट्ट करून त्याला झटपट जवळ आणावे; ज्याला उत्तम पोहता येते त्याने लाइफ जॅकेट अंगात घालून अवघडून बसू नये, ते हाताशी असले की पुरे; रॉड, वल्हे आणि स्वतःलाही कयाकला बांधून घ्यावे; मासा काठाशी आला की क्षणही न दवडता मांडीवर ओढून घ्यावा; आणि अडचण आलीच तर खिशात मोबाइल असतोच. शेवटी पुस्ती अशी, की मासा कयाक ओढत नेत असताना निर्धास्त बसावे, कारण दमतो तो मासा, आपण नव्हे.

यातले एकही वाक्य धडधडीत खोटे असते तर सल्ला इतका पसरला नसता. प्रत्येक विधानात थोडे खरे आहे, आणि ते खरे मासा दूर असतानाचे आहे. मासा पन्नास मीटरवर असतो तेव्हा तो फारसे काही बिघडवू शकत नाही. तो कयाकच्या काठाखाली आला की सगळे गणित बदलते. सल्ला देणाऱ्याने धोका मोजला आहे, परंतु भलत्याच क्षणी.

सर्वांत आधी रुंदीचा मुद्दा पाहू. मासेमारीसाठी बनवलेल्या, वर बसून चालवायच्या कयाक ८० ते ९० सेंटिमीटर रुंद असतात आणि शांत पाण्यात सपाट बसल्यावर खरोखरच स्थिर वाटतात. मात्र ही प्राथमिक स्थिरता आहे. कयाक बरीच कलल्यावर ती स्वतःहून सावरते की नाही, हा वेगळा गुण आहे, आणि रुंद, सपाट तळाच्या कयाक एका मर्यादेपर्यंत ठाम राहून त्यापुढे जवळजवळ पूर्वसूचना न देता उलटतात. अरुंद, गोलसर तळाची कयाक सुरुवातीपासून डुलत राहते आणि बसणाऱ्याला सावध ठेवते. रुंद कयाक मात्र शेवटच्या क्षणापर्यंत विश्वास देते.

आता मासा कुठे आहे ते पाहा. तो दूर असेल आणि रॉड पुढच्या टोकाच्या दिशेने धरलेला असेल, तर ओढ लागताच कयाकचे टोक माशाकडे वळते आणि ओढ तिच्या लांबीच्या दिशेने लागते. साडेतीन-चार मीटर लांबीची कयाक त्या दिशेने उलटत नाही. ती फक्त ओढली जाते. परंतु मासा जवळ येऊन बाजूने खाली मुसंडी मारतो तेव्हा दोर जवळजवळ उभा होतो. समजा, कयाक ८५ सेंटिमीटर रुंद आहे, रॉडचे टोक काठाच्या बाहेर १ मीटरवर आहे आणि ड्रॅग १० किलोवर लावलेला आहे. मध्यरेषेपासून ही ओढ सुमारे १.४ मीटरवर लागते, म्हणजे ८० किलो वजनाचा माणूस बैठकीवरून १७-१८ सेंटिमीटर बाजूला सरकल्याइतका तो कल आहे. बसल्या जागी एकदा एवढे सरकून पाहावे. शिवाय त्याच वेळी तो माणूस माशाकडे वाकलेला असतो, बहुधा एक हात पाण्याकडे गेलेला असतो, आणि बाजूने एखादी लाट यायला काही मुहूर्त लागत नाही.

याहून फसवी गोष्ट म्हणजे दोर तुटणे किंवा गळ सुटणे. ओढीला तोल देण्यासाठी माणूस नकळत विरुद्ध बाजूला रेलतो. ओढ अचानक नाहीशी झाली की त्याचे वजन एकटे उरते आणि कयाक माशाच्या उलट बाजूला कलंडते. त्यामुळे माशाशी झुंजताना पाठ ताठ, रॉड खाली आणि पुढच्या टोकाकडे, आणि डोके कायम कयाकच्या रुंदीच्या आत, ही शिस्त कुठल्याही रुंदीपेक्षा अधिक उपयोगी पडते. डोके काठाबाहेर गेले की धडही जाते. उभे राहून मासेमारी करण्याच्या सोयीची जाहिरात पुष्कळ होते. मोठा मासा लागल्यावर मात्र खाली बसणे हीच पहिली हालचाल असावी.

नांगराचाही संबंध इथेच येतो, पण मूळ सल्ल्यात त्याचा उल्लेखच नाही. प्रवाहात कयाकच्या मध्यभागी, बाजूला नांगर बांधला तर कयाक वळू शकत नाही, पाणी बाजूवर आदळत राहते आणि प्रवाह ज्या बाजूने येतो तिकडचा काठ दबत जातो. नांगराचा दोर पुढच्या किंवा मागच्या टोकापाशी न्यावा आणि टोकाला तरंगती खूण बांधून एका झटक्यात सोडता येईल असा ठेवावा. मोठा मासा लागला की नांगर सोडून द्यावा. खूण नंतर सापडते.

घट्ट ड्रॅगचा सल्ला अर्धा बरोबर आहे. ड्रॅग फार सैल ठेवला तर झुंज लांबते, मासा थकून मरतो आणि माणूसही थकतो. परंतु दोराच्या तुटण्याच्या ताकदीच्या साधारण चौथा ते तिसरा हिस्सा ड्रॅग, हा जुना ठोकताळा उगाच पडलेला नाही. विणलेला दोर साध्या तंगुसासारखा ताणला जवळजवळ जात नाही, त्यामुळे जवळ आलेल्या माशाच्या शेवटच्या उसळीचा धक्का तोच दोर सरळ रॉडवर, हातावर आणि काठावर आणतो. मासा दिसू लागला की ड्रॅग घट्ट करण्याऐवजी किंचित सैल करणे, हा त्या सल्ल्याच्या नेमका उलट नियम आहे आणि तोच पाळावा. ताणलेला दोर हाताभोवती गुंडाळून मासा जवळ ओढणे ही तर स्वतःला माशाला बांधून घेण्याचीच कृती आहे.

‘उत्तम पोहता येते त्याला जॅकेटची गरज नाही’ हे विधान सर्वांत घातक आहे. अमेरिकेच्या तटरक्षक दलाचे मनोरंजनात्मक नौकानयनाच्या अपघातांवरील वार्षिक अहवाल पाहिले तर बुडून मृत्यू पावलेल्या आणि ज्यांच्या जॅकेटची माहिती उपलब्ध आहे अशा व्यक्तींपैकी दहांतील आठांहून अधिक जणांनी ते घातलेले नसते, असे वर्षानुवर्षे आढळते. त्यांत पोहता येणारेही असतात. सुमारे १५ अंश सेल्सिअसपेक्षा थंड पाण्यात माणूस अचानक पडला की त्याला नकळत मोठा श्वास ओढला जातो आणि त्यानंतर श्वास अनावर वेगाने सुरू राहतो. तो पहिला श्वास पाण्याखाली ओढला गेला तर पोहण्याचे कौशल्य वापरण्याची संधीच मिळत नाही. कॅनडातील मॅनिटोबा विद्यापीठाचे गॉर्डन गीसब्रेख्ट यांनी अतिशीत पाण्यासाठी प्रचलित केलेले १-१०-१ हे सूत्र हेच सांगते : श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातापायांच्या उपयोगी हालचालींसाठी सुमारे १० मिनिटे, आणि शरीर थंड पडून शुद्ध हरपायला सुमारे १ तास. शेवटच्या तासाचा लाभ पाण्यावर तरंगत असलेल्यालाच मिळतो.

पाणी कोमट असले तरी जॅकेट हाताशी असणे आणि अंगात असणे यांत फरक आहेच. उलटलेल्या कयाकपासून सुटलेले जॅकेट वाऱ्यावर आपल्यापेक्षा वेगाने जाते, आणि मिळाले तरी खोल पाण्यात तरंगत ते घालणे, बंद लावणे हे शांत तलावातही जमत नाही. मी मुद्दाम करून पाहिले तेव्हा तिसऱ्या प्रयत्नात एक बाही आणि भरपूर पाणी एवढेच पदरी पडले. रिकामी कयाकही वाऱ्यावर कपड्यांसह पोहणाऱ्यापेक्षा वेगाने दूर जाऊ शकते. म्हणून उलटल्यावर पहिला हात कयाकवर, आणि त्यानंतरची क्रिया सरावाची : तळ वर आलेली कयाक सरळ करणे, पाय पाण्याच्या पृष्ठभागाजवळ आणून जोराने मारणे, छाती कयाकवर आडवी ढकलणे, मग पाठीवर वळून बैठकीत बसणे. हा सराव रॉड, पेटी आणि नेहमीचे कपडे यांसह केला नसेल तर तो केलेला नाही असेच समजावे. जॅकेटच्या वर्गाचाही विचार हवा. वल्हवायला सोयीचे ५० न्यूटन तरंगबळाचे जॅकेट शुद्धीत असलेल्या माणसाला आधार देते, बेशुद्ध माणसाचे तोंड वर वळवण्याची हमी ते देत नाही.

सगळे बांधून घ्या, असे म्हणणाऱ्याला हरवलेल्या रॉडची किंमत आठवत असणार. वल्हे बांधणे योग्य आहे, कारण वल्ह्याविना कयाक म्हणजे तरंगते लाकूड. परंतु पाण्यात पडलेल्या माणसाभोवती जितके दोर, तितके फास. किनाऱ्यावरच्या फुटत्या लाटांमधून जाता-येताना सर्व दोर सोडून सामान आत बंद करावे. वाहत्या नदीत स्वतःला कयाकला बांधणे तर कधीच करू नये, कारण कयाक झाडाच्या बुंध्याला अडकली की पाणी माणसाला त्याच दोरावर खाली दाबून धरते. जॅकेटच्या छातीवर, कोणत्याही एका हाताने काढता येईल अशी सुरी असणे हा या सगळ्यावरचा खरा उतारा आहे. ती सामानाच्या पेटीत असेल तर नसल्यासारखीच.

मासा मांडीवर ओढून घेण्याचा सल्ला वाचून असे वाटते, की तो देणाऱ्याच्या मांडीवर आजवर फक्त थकलेला मासा आला असावा. जोर शिल्लक असलेला दहा किलोचा मासा, तोंडात तीन आकड्यांचे दोन गळ, आणि समोर उघड्या पोटऱ्या. त्याच्या पहिल्याच फटक्यात सुटा असलेला आकडा माणसाच्या पायात आणि दुसरा अजून माशाच्या तोंडात, अशी अवस्था होते. पाकटाच्या शेपटीतला विषारी काटा, शिंगाळ्याचे पंखकाटे, बॅराकुडाचे दात आणि शार्कचे दात या गोष्टी माशाच्या वजनावर अवलंबून नाहीत. मासा पाण्यातच शांत होऊ द्यावा, दोन्ही बाजूंना एकेक पाय काठाबाहेर सोडून तोल रुंद करावा, आणि कयाकवर घ्यायचाच असेल तर डोके आधी ताब्यात आणून तो लांबीच्या दिशेने, पायांपासून दूर ठेवावा. जो मासा आपण दोन हातांनी धरू शकत नाही तो कयाकवर घ्यायचाच नाही, हे किनाऱ्यावरून निघतानाच ठरवावे. लांब दांड्याच्या साधनाने गळ पाण्यातच काढता येतो, नाहीतर दोर कापता येतो.

पकडलेला मासा दोरीला ओवून बाजूला पाण्यात लोंबकळत ठेवण्याची सवयही खुल्या समुद्रात सोडावी, कारण रक्त आणि तडफड यांनी शार्क जवळ येतात. मे २०२३ मध्ये हवाईतील ओआहू बेटाजवळ टायगर शार्कने मासेमारीच्या कयाकला धडक दिली, त्याचे चित्रण जगभर पाहिले गेले. त्या माणसाला इजा झाली नाही, पण कयाकची उंची शार्कला अडवत नाही एवढे त्यातून स्पष्ट दिसते.

मोबाइलबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. ओल्या बोटांना पडदा दाद देत नाही आणि किनाऱ्यापासून दूर संकेत मिळेलच असे नाही. समुद्रात जलरोधक व्हीएचएफ रेडिओ संच (संकटात हाक मारण्यासाठी १६ क्रमांकाची वाहिनी), एक शिट्टी आणि उपग्रहामार्फत इशारा देणारा ४०६ मेगाहर्ट्झचा वैयक्तिक संकटसूचक, हे सगळे कयाकवर नव्हे तर अंगावर असावे. काळोखात पांढरा दिवा हाताशी हवा. समुद्रावरील टकरी टाळण्याच्या १९७२च्या आंतरराष्ट्रीय नियमांतही वल्ह्यांवर चालणाऱ्या नौकेसाठी किमान एवढी अपेक्षा आहेच.

राहिला मासा ओढत नेत असताना निर्धास्त बसण्याचा मुद्दा. मासा ताशी ४ किलोमीटर वेगाने ४० मिनिटे समुद्राच्या दिशेने गेला तर कयाक सुमारे २.७ किलोमीटर दूर जाते, आणि त्या वेळात नजर दोराच्या टोकावरून हललेली नसते. जमिनीकडून समुद्राकडे वाहणारा वारा किनाऱ्यालगत जाणवत नाही, कारण उंच जमीन त्याला अडवते; जसजसे दूर जावे तसतसा तो पाठीवर येतो आणि जाताना सुखावतो. परतताना तोच समोरून आला आणि एरवीचा ताशी ५ किलोमीटरचा वेग २ वर आला, तर तेच अंतर कापायला जवळपास ८० मिनिटे लागतात, तीही झुंजीने दुखावलेल्या हातांनी आणि ओहोटी सुरू झाली नसेल तर. ही वेळ आधी हिशेबात धरून दोर कुठे कापायचा ते ठरवलेले असावे, किनाऱ्यावरची एखादी ठळक खूण दर काही मिनिटांनी पाहावी, आणि ती खूण लहान होऊ लागली की मासा कितीही मोठा असला तरी सुरी काढावी.