वेणी घालताना

सकाळी साडेसातची घाई. लेकीची स्कूलबस यायला दहा मिनिटं, वेणी व्हायची बाकी, फोन खिडकीला टेकवून ठेवलेला आणि त्यावर आई. नातीचं सुटलेलं जंजाळ बघून आई लाडानं म्हणाली, "अगं बाई, काय कैकाडीण दिसतीय माझी छकुली!" लेक खिदळली. आरशासमोर मान वेळावून गात सुटली, "मी कैकाडीण, मी कैकाडीण!" बसमध्ये चढतानाही तेच.

तेव्हापासून डोकं फिरलंय. दुपारी आईला फोन करून भांडले. तर म्हणे, "त्यात काय एवढं? बोलायची पद्धत आहे. तुझी आजी तुला शंभरदा म्हणायची."

हो, म्हणायची. त्यातलं एक 'म्हणायची' मला लख्ख आठवतंय.

सोलापूरजवळचं आमचं गाव. मी सात-आठ वर्षांची. अंगणात लिंबाखाली एक बाई दुरडीचा उसवलेला तळ विणत बसलेली. तुरकाठ्या भिजवलेल्या, त्यांचा ओला वास. एक काडी दातात, एक बोटात, वाकवायची, दाबायची, पुढची घ्यायची. मी खेळून आले, रिबीन कुठेतरी पडलेली. ओट्यावरून आजी ओरडली, "आली बघा कैकाडीण होऊन!"

त्या बाईचे हात थांबले. मान वर केली नाही तिनं. मग पुन्हा काड्या हलायला लागल्या.

ती कैकाडीच होती.

आता मला सांगा, ही 'बोलायची पद्धत' येते कुठून? कुणी शाळेत शिकवत नाही. मांडीवर बसवून, केस विंचरता विंचरता शिकवतात. तेलासारखी मुरते ती. पोरगं हट्टी झालं की 'बेरड झालाय नुसता'. कपडे मळले की 'वडाऱ्यासारखा', पाय घरात ठरत नसले की 'पारध्यासारखी'. त्या जातीचा माणूस आयुष्यात भेटायच्या आधीच तो कसा असतो ते आपल्याला पाठ! आणि भेटला की आपण त्याला बघतच नाही, पाठ केलेलंच बघतो.

बेरडांचं घ्या. औरंगजेबानं स्वतः लढवलेला शेवटचा वेढा कुठला? १७०५ चा, वाकिनखेड्याचा. बेरडांच्या नायकाविरुद्ध. १८५७ मध्ये हत्यारं खाली ठेवायला नकार देऊन इंग्रजांशी झुंजले ते हलगलीचे बेरडच. आणि आपल्या शब्दकोशात बेरड म्हणजे निर्लज्ज. उमाजी नाईकांच्या जयंतीला इथेच फोटो टाकता ना सगळे? फाशी जाणारा तो माणूस रामोशी होता. त्याच रामोशांना पुढे गुन्हेगारांच्या यादीत घातलं.

१८७१ साली इंग्रजांनी कायदाच केला, अमक्या जमातीत जन्मलास म्हणजे तू गुन्हेगार. १९११ नंतर तो आपल्याकडेही आला. सोलापुरात या लोकांना तारेच्या कुंपणात ठेवलं, त्या वस्तीचं नाव सेटलमेंट. रोज हजेरी. बाहेर जायचं तर पास. गिरणीत राबायला मात्र चालायचे. आम्ही सोलापूरकर आजही रिक्षावाल्याला बिनदिक्कत सांगतो, 'सेटलमेंटला सोड.' मीही सांगायचे. लहानपणी मला वाटायचं, विजापूर वेस असते तसं एक सेटलमेंट असतं. ३१ ऑगस्ट १९५२ ला कायदा गेला. म्हणजे देश स्वतंत्र होऊन पाच वर्षं आणि वर सोळा दिवस हे लोक अडकलेलेच होते.

पण सगळं इंग्रजांवर ढकलून मोकळं होऊ नका. आमच्या अंगणात इंग्रज आला नव्हता.

शब्द बदलून कुणाचं पोट भरतं का, असं खाली कुणीतरी लिहिणारच. नाही भरत. मान्य. पुढे.

आणि मी तरी कोण लागून गेले? मुंबईत हॉस्टेलवर पहिल्याच महिन्यात एकीनं माझ्या बोलण्यावर नाक मुरडून 'घाटी' म्हटलं. घाट उतरून आलेली, इतकाच काय तो अर्थ. पण रात्रभर रडले होते. आणि वर्ष सरायच्या आत तिच्याच घोळक्यात उभी राहून भाजीवाल्याला "ए भय्या" करायला शिकले. भय्या म्हणजे भाऊ. आपल्या तोंडी येताना त्याचं काय होतं ते सांगायला नको. इतकी पटकन मी दुसरं काहीच शिकलेली नाही. स्वयंपाकसुद्धा नाही.

थांबा, अजून आहे. मागच्या आठवड्यात आमच्या किचनवाल्या कंत्राटदारावर इथेच पोस्ट लिहिली होती. पहिलंच वाक्य, 'हा एक नंबरचा भामटा'. त्रेसष्ट लाइक्स. विमुक्त जाती, म्हणजे त्या कायद्यातून सुटलेल्या, त्यांच्या सरकारी यादीत भामटा हे जातीचं नाव आहे. कुणाच्या तरी दाखल्यावर ते लिहिलेलं असतं. त्याचं पोरगं तो दाखला घेऊन कॉलेजच्या खिडकीपाशी रांगेत उभं राहतं. मी ती पोस्ट दुपारी काढली. कंत्राटदारानं फसवलं ते फसवलंच, तो राग आहे. त्याला आता नुसता लबाड म्हणते.

आजी वाईट नव्हती हो. हे मी आईसाठी लिहितेय, ती वाचेल. त्या दिवशी ती बाई उठली तेव्हा आजीनं तिला ठरल्यापेक्षा एक माप ज्वारी जास्त घातली. काही बोलली नाही. बहुतेक तिलाही ते टोचलं असावं. पण घातली ती वरून, पदराला हात लागू न देता. तोच हात.

आणि एक गोष्ट मला आज, लेकीची वेणी घालताना, इतक्या वर्षांनी लक्षात आली. त्या बाईचे केस तेल लावून चापून बसवलेले होते. घट्ट अंबाडा, त्यात अबोलीची दोन फुलं. एक बट इकडची तिकडे नाही. अंगणात पिंजारलेली एकटी मीच होते.

संध्याकाळी लेकीला जवळ घेतलं. म्हटलं, ते सकाळचं म्हणायचं नाही. "का? कैकाडीण म्हणजे कोण?" म्हटलं, कैकाडी लोक सुंदर टोपल्या विणतात.

"तुला येते विणायला?"

"नाही."

"आजीला?"

"नाही."

"मग आजी मला का म्हणाली?"

मला उत्तर सुचलं नाही. दूध पी म्हटलं.

आत्ता नऊ वाजता आईचा व्हॉट्सॲप आला. बोलणं नाही, चालणं नाही, नुसता फोटो. आमची ती दुरडी, आत लसणाच्या गड्ड्या. खाली लिहिलंय, 'हीच ना?'

हीच. तळ अजून धड आहे.