दूधसागर सगळ्यांना माहीत, रान कुणाला?

पावसाळा लागला की फोन उघडायची सोय राहत नाही. ड्रोन वर चढतो, मागे बासरी वाजते, दूधसागरासमोरून रेल्वे जाते आणि संपलं. अशा व्हिडिओंमुळे जंगलाबद्दल जागृती होते, असं कुणी म्हटलं की मला गप्प बसवत नाही. जागृती कुठली, गर्दी होते. २०१३ मध्ये एका गाजलेल्या हिंदी सिनेमात दूधसागर दिसला आणि तिथली रीघ आणखीच वाढली. २०२३ च्या जुलैत तर रुळांवरून चालत आलेल्या पोरांना पोलिसांनी उठाबशा काढायला लावल्या. त्याचाही व्हिडिओ फिरला! हा धबधबा गोव्यातल्या भगवान महावीर अभयारण्यात आहे, हे त्यातल्या कितीजणांना ठाऊक असेल?

म्हणून चित्रं, सिनेमे फुकट असं मी म्हणत नाही. याच अभयारण्याच्या, म्हणजे मोलेच्या रानातून रेल्वेचा दुसरा रूळ, चौपदरी रस्ता आणि ४०० केव्हीची वीजवाहिनी जाणार हे २०२० मध्ये लोकांना कळलं, त्यात आपल्या तरुण चित्रकारांचा वाटा मोठा. लॉकडाऊनमध्ये सगळे घरात, सभा घ्यायची सोय नाही. तेव्हा या पोरापोरींनी रानातले जीव कागदावर आणले, गाणी रचली आणि सरकारी फायलींतली माहिती सोप्या भाषेत लोकांपुढे ठेवली. त्या नोव्हेंबरात दक्षिण गोव्यातल्या चांदर गावात लोकांनी दुसऱ्या रुळाला विरोध म्हणून रुळांवर रात्र जागवली. पुढे ९ मे २०२२ ला सर्वोच्च न्यायालयाने रेल्वेच्या दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. ती याचिकेमुळे आणि केंद्रीय अधिकारप्राप्त समितीच्या अहवालामुळे, हे खरंच. कोर्टात चित्र चालत नाही, कागद चालतो. पण तो कागद कशाबद्दल आहे हे गावागावांत माहीत असणं, हे काम चित्रांनी केलं. नुसतं ‘किती सुंदर’ म्हणून ती थांबली असती तर हेही झालं नसतं.

आता म्हादई अभयारण्याकडे या. जानेवारी २०२० मध्ये तिथं सत्तरी तालुक्यात गोळावलीला वाघीण आणि तिचे बछडे असे चार वाघ मेले. गुरं मारली म्हणून विष घातल्याचं तपासात पुढे आलं. २०२३ च्या जुलैत उच्च न्यायालयाने इथं व्याघ्र प्रकल्प जाहीर करायला सांगितलं आणि गावांत भीती पसरली: आमच्या काजूंचं काय, घरांचं काय? उद्या कुणी वाघावर माहितीपट काढला आणि त्यात मेलेली म्हैस, तिच्या भरपाईसाठी घातलेले खेटे आणि त्या घरातली बाई नसेल, तर तो सत्तरीत कोण बघणार? पणजीत टाळ्या मिळतील. २००४ पासून इफ्फी, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, पणजीत भरतो. तिथला एखादा जंगलावरचा माहितीपट रानाकाठच्या गावातल्या मांडावर, म्हणजे लोककला रंगतात त्या जागी, पडदा लावून दाखवल्याचं निदान माझ्या तरी पाहण्यात नाही. सत्तरीचे लोक रणमाल्याला, या आपल्या लोकनाट्याला, रात्र रात्र बसतात, सिनेमालाही बसतील. मात्र तो संपल्यावर जे प्रश्न येतील ते ऐकायला दिग्दर्शक हजर हवा.

खरं तर रान ओळखायला लावणारी कला आपल्याकडे घरोघरी आहे. माटोळी! चवथीला गणपतीच्या डोक्यावर रानातली फळं-फुलं बांधून सजवतात ती चौकट: कांगणां, कवंडळ, शेरवड, सुपारीचं शिपटं, तोरिंग. चवथीच्या आदल्या दिवशी ज्या पोराला आजोबांबरोबर रानात जावं लागतं, त्याला कुठल्या ओहोळाकाठी काय मिळतं हे कुणी शिकवायला लागत नाही. दहा मिनिटांच्या फिल्मने हे होणार नाही. अलीकडे बाजारातून वाटे आणून माटोळी बांधतात, त्यालाही माझी तक्रार नाही, सगळ्यांना रान जवळ नसतं. तक्रार आहे ती आकड्यांच्या हौसेची. माटोळीच्या सरकारी स्पर्धेत लोक अप्रतिम काम करतात, कित्येकदा बघत उभं राहावंसं वाटतं. पण इतक्या शेकडो वस्तू बांधल्या याचंच कौतुक होत राहिलं की दुर्मीळ वेलसुद्धा मुळासकट येतो.

कला आणि संस्कृती संचालनालयातलं कुणी हे वाचत असेल तर एवढंच सुचवतो: गुण देताना संख्येपेक्षा माहितीला वजन द्या. वस्तू कुठून आणली, तिचा उपयोग काय, झाड शाबूत आहे ना, हे घरातल्या पोरांना विचारा. आणि ती सांगत असताना कॅमेरा लावा. गोव्याच्या जंगलावरची ती फिल्म मी आधी बघेन.