मेदिचींची पायपीट सान मार्कोशिवाय अपुरी

फ्लॉरेन्सवर सत्ता गाजवणाऱ्या मेदिची घराण्याच्या खुणांवरचा तुमचा लेख छान, पण उफित्सी कलादालनापासून पित्ती राजवाड्यापर्यंतच्या तुमच्या पायी फेरीत त्याच शहरातला सान मार्कोचा मठ कसा काय सुटला? मेदिची कलेवर एवढा पैसा का ओतत होते, ते तिथेच नीट कळतं. व्याज घेणं चर्चच्या लेखी पाप आणि या घराण्याचा धंदा सावकारीचा. पंधराव्या शतकातला घराण्याचा प्रमुख कोझिमो याने मनाची टोचणी शमवायला पोपच्या सल्ल्याने हा मठ बांधून दिला, असं त्याच्या काळातल्या चरित्रकारानेच लिहून ठेवलंय. वर त्याने तिथे स्वतःसाठी खोली ठेवली आणि भिंतीवर चित्र काढून घेतलं ते बाळ येशूला नजराणे देणाऱ्या राजांचं. श्रीमंत भक्ताला याहून सोयीचा विषय कुठला!

तोच प्रसंग मेदिचींच्या वाड्यातल्या प्रार्थनागृहात १४५९च्या सुमारास चित्रकार बेनोत्सो गोत्सोलीने रंगवला, तोही भरपूर सोनं वापरून. राजांच्या मिरवणुकीत म्हातारा कोझिमो खेचरावर बसलाय. गर्दीत चित्रकारही आहे, लाल टोपीवर स्वतःचं नाव लिहून! (आजच्या सेल्फीवाल्यांना नावं ठेवू नयेत.)

नुसतं ‘कलाप्रेमी घराणं’ म्हणणं मला अपुरं वाटतं. १४९४मध्ये लोकांनी यांना शहराबाहेर काढलं आणि यांच्या वाड्यातली शिल्पकार दोनातेल्लोची ज्युडिथ (बायबलमधल्या, जुलमी सेनापतीचं डोकं उडवणाऱ्या बाईचा पुतळा) सरकारवाड्यासमोर आणून ठेवली, हुकूमशहांना इशारा म्हणून.

बाकी, जाणाऱ्यांनी प्रार्थनागृहाचं तिकीट आधी काढावं. जागा चिमुकली आहे, एका वेळी मोजक्याच लोकांना आत सोडतात.